असू दे म्हणून

तुमच्या कॉम्प्युटरवर ब्राउझर किती आहेत, जरा बघा बरं. वापरता एकच, हो ना? मग बाकीचे कशाला? माझ्या भावाकडे तीन आहेत. विचारलं तर म्हणतो, एकात बँकेची साइट उघडत नाही, दुसऱ्यात उघडते. आणि तिसरा? ‘असू दे गं, खायला मागतोय का?’ खालच्या मजल्यावरच्या काकांकडे दोन. एका वर्षी पेन्शनचा हयातीचा दाखला भरताना साइट अडकली, तेव्हा कोणीतरी दुसरा टाकून दिला. त्यानंतर काकांनी तो एकदाही उघडलेला नाही, पण काढूही देत नाहीत. न जाणो, पुन्हा अडकली तर! भीती हो, दुसरं काय. माझ्याकडेही दुसरा ब्राउझर होता तो भीतीपोटीच. फक्त माझी भीती माझ्याच घरात राहायची आणि रोज सकाळी माझ्या हातचा चहा प्यायची.

प्रज्ञेश, माझा नवरा. हात उचलत नाही, पीत नाही, आवाज चढवत नाही. कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत कोणालाही विचारा, ‘काय सज्जन माणूस!’ म्हणतील. कप्पाळ त्यांचं! हा सज्जन माणूस दर रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन कॉम्प्युटरसमोर बसतो आणि मी आठवडाभर काय काय उघडलं ते वाचतो. लोक पेपर वाचतात, हा माझी हिस्टरी वाचतो. ‘नाशिकचं हवामान कशाला बघितलंस? नाशिकला कोण आहे?’ पुसून टाकावी तर त्याहून वाईट. मग पुसण्यासारखं काय होतं, यावर आठवडाभर चौकशी. फोनचं म्हणाल तर सिम त्याच्या नावावर आणि माझ्या फोनवर येणारं-जाणारं सगळं त्याला त्याच्या फोनवर दिसतं. सेफ्टी, म्हणे.

लग्नाआधी मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. माझा हात हलका, रक्त घेताना लहान पोरंसुद्धा रडायची नाहीत. लग्नानंतर ‘कशाला दगदग’ म्हणत म्हणत ते सुटलं. मागच्या वर्षी मी एका लॅबमधल्या जागेबद्दल नुसतं शोधलं, अर्जही केला नव्हता. रविवारी त्यानं ते वाचलं. दुसऱ्या दिवशी त्या लॅबला स्वतः फोन केला. गोड आवाजात सांगितलं, ‘माझ्या मिसेसच्या डोक्याला जरा त्रास आहे, अर्ज आला तर मनावर घेऊ नका.’ हे मला त्यानंच नंतर सांगितलं, जेवताना, वरण वाढून घेता घेता.

मग तो ऑफिसला जाताना सेफ्टी डोअरला बाहेरून कुलूप लावून जायला लागला. ‘हल्ली चोऱ्या होतायत.’ माझी किल्ली काढून घेतली. सर्टिफिकेटं ‘सुरक्षित राहतील’ म्हणून ऑफिसच्या कपाटात नेली. आठवडाभरानं कुलूप लावणं थांबलं, पण किल्ली मला परत मिळाली नाही. आणि मी मागितलीही नाही, कारण मागितली की तो हसून म्हणणार, ‘कुठे जायचंय?’

त्या आठवड्यात आत मी एकटी नव्हते. माझ्या सासूबाई, शैलाबाई, त्याही आत. महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, कमी बोलणाऱ्या. पहिल्या दिवशी कुलूप लागल्याचा आवाज आला तेव्हा त्या मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘ह्याच्या वडिलांनाही अशीच काळजी वाटायची.’ झालं, एवढंच! माझा असा संताप झाला की काय सांगू. मी तेव्हाच ठरवलं की या बाईपासून चार हात लांब राहायचं. मुलाची आई ती, आपली कशी असेल?

तर असं आमचं चाललं होतं. घरबसल्या काम म्हणून मला एकाच गोष्टीची परवानगी होती, टायपिंग. माझी कॉलेजमधली मैत्रीण अपेक्षा सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांचा क्लास चालवते, तिच्या प्रश्नपत्रिका मी टाइप करून द्यायचे. मध्यंतरी ती कच्चे कागद द्यायला आली. सासूबाई आत झोपलेल्या. मी तिला हळू आवाजात सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘अगं येडे, दुसरा ब्राउझर टाक ना. आमच्या क्लासमधल्या निम्म्या पोरींच्या लॅपटॉपवर असतो. घरचे बघतात एक, ह्या वापरतात दुसरा. कोणी विचारलं तर सांगायचं, फॉर्मची साइट ह्याच्यातच उघडते. सगळे तेच सांगतात, त्यामुळे कोणी विचारत नाही.’

मी टाकला. हिरव्या गोळ्याचं चिन्ह असलेला. डेस्कटॉपवरून चिन्ह काढून टाकलं, आत कुठेतरी दडवलं. महिन्यातून दोनचारदाच उघडायचे, तेही सासूबाई बुद्धविहारात गेल्या की. पण तो आहे एवढ्यानंसुद्धा मला झोप लागायची. त्यातूनच मी स्वारगेटजवळच्या एका लॅबला अर्ज केला. कॉलेजकडून सर्टिफिकेटांच्या दुसऱ्या प्रती अपेक्षाच्या पत्त्यावर मागवल्या. लॅबचं उत्तर आलं, सोमवारी भेटायला या. सदाशिव पेठेत बायकांसाठी एक खोली बघून ठेवली. प्रज्ञेश सोमवारी ऑफिसला गेला की मी बाहेर पडणार आणि परत येणार नाही, असं ठरलं होतं. रविवारची तपासणी तेवढी पार पडायची होती.

आता माझी एक सवय सांगते, कारण सगळा घोळ तिच्यामुळे झाला. मी ‘हो’ म्हणते. या घरात ‘नाही’ म्हटलं की ‘का नाही?’ सुरू होतं, ते संपतच नाही. भाजीत मीठ कमी आहे ना? हो. तुला गर्दीत त्रास होतो ना? हो. मी म्हणतो ते बरोबर आहे ना? हो बाबा, हो. इतकी सवय लागलेली की प्रश्न पुरा व्हायच्या आत तोंडातून ‘हो’ बाहेर. शनिवारी दुपारी लॅबचं पत्र शेवटचं वाचायला म्हणून मी तो हिरवा ब्राउझर उघडला. त्यानं काहीतरी अपडेट घेतलं आणि मला विचारलं, यापुढे सगळं माझ्यातच उघडू का? हो. मग विचारलं, मागच्या वेळी जिथं सोडलं होतं तिथूनच सुरू करू का? हो. काय विचारतोय ते वाचलंसुद्धा नाही हो मी! बोट आपलं दाबून मोकळं. तेवढ्यात बेल वाजली, मी खिडकी बंद केली आणि दार उघडायला गेले.

रविवारी सकाळी मी पोहे परतत होते. सासूबाईंच्या खोलीतून बुद्धवंदनेचा आवाज येत होता. हॉलमध्ये प्रज्ञेश कप घेऊन कॉम्प्युटरसमोर बसला. मी उगाच दारापर्यंत आले, नेहमीसारखी, त्याच्या चेहऱ्याचा अंदाज घ्यायला. आणि नजर पडद्यावर गेली.

त्याच्या सगळ्या फाइली डेस्कटॉपवर असतात. लाइट बिल, विमा, सोसायटीच्या नोटिसा, सगळ्या पीडीएफ, ओळीनं मांडलेल्या. कालपर्यंत त्या लाल चिन्हाच्या होत्या. आता सगळ्या हिरव्या. एक ना दोन, अख्खा पडदा हिरव्या गोळ्यांनी भरलेला. मला एका क्षणात कळलं, मी काल कशाला ‘हो’ म्हटलं होतं ते. यातली कुठलीही फाइल त्यानं उघडली की माझा ब्राउझर उघडणार आणि त्याच्याबरोबर लॅबचं पत्रही आणि खोलीची जाहिरातही.

‘हे हिरवं कसं काय झालं?’ तो म्हणाला. मागे वळलासुद्धा नाही.

‘अपडेट आलं असेल.’

‘हं. आपोआप?’

‘हो.’

पण प्रज्ञेश शिस्तीचा माणूस, आधी हिस्टरी. त्यानं नेहमीचा ब्राउझर उघडला आणि वाचायला लागला. प्रश्नपत्रिका, मराठी टायपिंग, उपवासाची भगर. ‘भगर कोणासाठी? आपल्याकडे उपवास कोण करतं?’ ‘शेजारच्या काकूंनी विचारलं होतं.’ ‘काकूंकडे फोन नाही?’ मी काहीतरी बोलत होते आणि डोळे त्या हिरव्या गोळ्यांवर. पोहे करपल्याचा वास आला तरी मला हलता येईना.

‘बरं. आता सोसायटीच्या मीटिंगची नोटीस बघून घेऊ,’ म्हणत त्यानं माउस सरकवला.

मला काही सुचेना. पॅसेजमध्ये मीटरचा बोर्ड आहे, मी सरळ तिकडे गेले आणि मेन स्विच खाली पाडला. पंखा थांबला, फ्रिज थांबला. कॉम्प्युटर मात्र चालूच! यूपीएस लावलाय ना त्यानं, काळजीवाहू माणूस! तो मेला पी पी करायला लागला.

‘लाइट गेले वाटतं,’ मी म्हणाले.

तो उठून खिडकीशी गेला. समोरच्या घरातला पंखा फिरत होता. तो त्या पंख्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. ‘आपलेच गेलेत,’ म्हणाला आणि पॅसेजकडे वळला.

मी धावले. खुर्चीतसुद्धा बसले नाही, उभ्यानंच तो ब्राउझर शोधला आणि उघडला. म्हटलं, पटकन आतलं सगळं बंद करावं, बाकीचं नंतर बघू. पण आमचा कॉम्प्युटर म्हातारा. गोल गोल फिरत बसला. उघड रे, उघड रे बाबा! पॅसेजमधून खटका वर केल्याचा आवाज आला, पंखा सुरू झाला, यूपीएस गप्प झाला. आणि तेव्हा ब्राउझर उघडला. पडदाभर खोलीची जाहिरात: एका पलंगाची खोली, फक्त स्त्रियांसाठी, सदाशिव पेठ. लॅबचं पत्र तिच्या मागे दडलेलं, पण वरच्या पट्टीत त्याचं टोक दिसत होतं. मी ते बंद करायला गेले तर घाईत माउस भलतीकडेच गेला.

‘स्विच कोणी पाडला?’ माझ्या मागून आवाज आला. मग पडद्याकडे बघत, ‘आणि हे काय आहे?’

आवाज अगदी शांत. तो चिडला असता ना, तर मला इतकी भीती वाटली नसती. त्यानं माझ्या हातातून माउस काढून घेतला, हळूच, जशी लहान मुलाच्या हातातली कात्री काढून घेतात. मला वाटलं, संपलं. आता पुन्हा तो फोन, ते कुलूप आणि या वेळी आठवड्यावर भागणार नाही.

‘ते माझं आहे.’

सासूबाई दारात उभ्या होत्या. पांढरी साडी, हातात चष्मा. वंदना कधी थांबली ते आम्हाला कळलंच नव्हतं.

‘काय?’ प्रज्ञेश म्हणाला.

‘खोली मी बघतेय. मला राहायचंय तिथं. मीच हिला सांगितलं, शोधून दे आणि प्रज्ञेशला बोलू नकोस.’

तो हसला. ‘आई, तुला माउस धरता येत नाही.’

‘म्हणून तर हिला सांगितलं.’

ही बाई! जिच्यापासून मी चार हात लांब राहत होते ती! चेहरा अगदी कोरा, शाळेत हजेरी घेतल्यासारखा. पण चष्म्याची काडी त्यांच्या बोटांमध्ये टकटक हलत होती. त्या घाबरल्या होत्या. आपल्याच मुलाला घाबरल्या होत्या, माझ्याइतक्याच, कदाचित माझ्याआधीपासून. आणि मला हे या घरात इतकी वर्षं राहून कळलं नव्हतं.

प्रज्ञेश माझ्याकडे वळला. ‘आई म्हणते ते खरं आहे ना?’

बघा, किती सोपं होतं. त्यानं पत्र अजून पाहिलं नव्हतं. ‘हो’ म्हणायचं, एवढंच. रोज म्हणते तसं. ‘हो’ अगदी ओठांवर आलं होतं. मग त्यानं आईकडे मोर्चा वळवला असता, गोड बोलत, आठवडेच्या आठवडे. आणि मी सोमवारी गुपचूप निघून गेले असते, त्यांना त्याच्याबरोबर आत ठेवून.

‘नाही,’ मी म्हणाले. ‘माझं आहे.’

मूर्खपणा म्हणा हवं तर. त्यानं मान डोलावली, खुर्चीत बसला आणि मागचं पत्र पुढे आणलं. सावकाश वाचलं. लॅबचा पत्ता मोठ्यानं वाचला.

‘रविवारीही उघडी असते. छान,’ तो म्हणाला. ‘उद्या कशाला, मी आजच जाऊन भेटतो त्यांना. समोरासमोर बोललेलं बरं असतं. तुझी तब्येत, सगळंच समजावून सांगतो.’ त्यानं टेबलावरचा माझा फोन खिशात टाकला, आईचा फोन खिशात टाकला, राउटरची वायर काढून घेतली आणि हेल्मेट उचललं. जाता जाता म्हणाला, ‘पोहे करपलेत वाटतं.’

दार लागलं. मग सेफ्टी डोअर. मग कुलुपात दोनदा फिरलेली किल्ली. तो आवाज मी विसरले होते असं मला वाटायचं. कुठलं काय! मी तिथंच जमिनीवर बसले. ढसाढसा रडायला आलं. जायचं कसं, आणि जाऊन उपयोग काय? सज्जन, नीटनेटका माणूस समोर बसून सांगणार की बायकोचं डोकं ठीक नाही. कोण विश्वास ठेवणार नाही त्याच्यावर?

सासूबाई आत गेल्या होत्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. मनात म्हटलं, झालं, बसल्या परत मेथी निवडायला. पण त्या बाहेर आल्या आणि माझ्यासमोर हात धरला. तळहातावर किल्ली होती. नवी कोरी, चकचकीत.

‘ही कुठली?’

‘आपलीच. सेफ्टी डोअरची,’ त्या म्हणाल्या. ‘मागच्या वेळचं झालं ना, त्यानंतर करून घेतली. एका रविवारी तो दुपारचा झोपला होता. विहारात जाताना त्याची घेऊन गेले, चौकातल्या किल्लीवाल्याकडून दुसरी बनवली, येऊन परत खुंटीला लावली.’

‘आणि मला सांगितलं नाहीत?’ मी ओरडलेच. ‘इतके दिवस?’

‘तू तरी मला कुठे काय सांगितलंस?’

खरंच होतं ते. मी डोळे पुसले आणि उठले.

‘कधी वापरली नाही,’ त्या खाली बघत म्हणाल्या. ‘वेळ येणार नाही असंच वाटत होतं. पण असू दे म्हणून ठेवली. नुसती आहे म्हटलं तरी झोप लागायची.’

मी त्यांच्या हातातून किल्ली घेतली. ‘चालते का बघितली होती?’

‘नाही गं. आवाज झाला असता.’

आमच्या सेफ्टी डोअरचं कुलूप आतून-बाहेरून किल्लीनंच चालतं. मी किल्ली आत घातली. गेली, पण फिरेना. दाबली, हलवली, काढून पुन्हा घातली. बाहेर लिफ्ट सुरू झाली. आम्ही दोघींनी दाराला कान लावले. लिफ्ट आमच्या मजल्याशी आली, गुरगुरली आणि वर निघून गेली. सासूबाईंनी आतून खोबरेल तेल आणलं, बोटानं किल्लीच्या दात्यांना लावलं. अर्धं तेल जमिनीवर सांडलं. ‘फिर गं बाई, फिर,’ मी म्हणत होते. एकदा अडकली. मग करकरली आणि फिरली. मग पुन्हा एकदा.

दार उघडलं. बाहेर जिना, ऊन, कोणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी. मी पर्स घेतली, चपला घातल्या. सासूबाई उंबऱ्याच्या आतच उभ्या.

‘तू जा,’ त्या म्हणाल्या. ‘मी कुलूप आतून लावून घेते. आला की सांगेन, झोपली आहेस. तेवढाच वेळ मिळेल तुला. मला काय, मला सवय आहे.’

‘नाही,’ मी म्हणाले.

त्यांनी दार लोटायला हात पुढे केला.

‘नाही म्हणजे नाही, आई. तो तिथं लॅबमध्ये बसून सांगणार की माझं डोकं फिरलंय. त्यांना दुसरं कोण सांगणार? चपला घाला.’

‘मागच्या वेळी त्यानं तो फोन केला ना,’ त्या म्हणाल्या, ‘तेव्हा मी शेजारीच बसले होते. सगळं ऐकलं मी.’ मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि चपलांच्या कपाटाकडे वळल्या. ‘चल. तुझं डोकं ठीक आहे हे सांगायला सासूच बरी. सुनेची खोटी स्तुती कोणी सासू करत नाही, हे त्यांनाही माहीत असेल.’

भीती गेली होती असं समजू नका. स्वारगेटला तो आमच्या आधी पोचणार होता. तिथं काय होईल, संध्याकाळी काय होईल, आम्ही दोघी रात्री कुठे असू, कशाचाच पत्ता नव्हता.

बाहेर आल्यावर सासूबाईंनी सेफ्टी डोअर ओढून घेतलं, माझ्या हातातली किल्ली मागितली आणि कुलूप लावायला लागल्या. आधी एकदा, मग दुसऱ्यांदा, तो लावतो तसंच.

‘आता कशाला लावताय?’ मी म्हणाले. ‘आत कोण आहे?’

‘कोणी नाही,’ त्या म्हणाल्या आणि किल्ली पदराच्या टोकाला बांधली. ‘त्याला उघडून बघू दे.’